डाव्या हाताची हळद

"सोमवारी नागपूरले जायचं हाय, तं आज काय ते ठरलंच पाह्यजे," वाट उतरता उतरता किसनराव म्हणाले.

लोणारच्या तळ्याकडे जाणारी ती वाट घसरणीची होती. पुढे किसनराव, त्यांच्यामागे धाकटे भाऊ उकंडराव, आणि सगळ्यांत मागे उकंडरावांचा मुलगा शालिग्राम. त्याच्या हातात दोन पितळी गडू होते. दोन्ही एकाच मापाचे. फक्त एकाच्या काठाला पोचा आलेला होता.

शालिग्राम मॅट्रिक झाला होता. कॉलेजात नाव घालताना विषय सांगावा लागणार होता. त्याला सायन्स हवं होतं. किसनरावांना घरात वकील हवा होता.

"बांधाचा खटला मेहकरच्या कोर्टात पडून हाय," ते म्हणाले. "आन् हा पोट्टा बाटल्या हालवाले जातो म्हनते. काऊन बे, अत्तर इकतं का?"

"नाही, मोठेबाबा."

उकंडराव पायाखालची वाट पाहत उतरत राहिले. थोरल्या भावाचा शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता.

खामगावच्या शाळेत मास्तरांनी एकदा शालिग्रामपुढे दोन बाटल्या ठेवल्या होत्या, नावाच्या चिठ्ठ्या काढून. दिसायला दोन्हींत पाणीच. त्याने हळद लावलेला कागद बुडवून पाहिला. एका बाटलीत तो लाल झाला. खार ओळखायची ती रीत होती. त्या दिवसापासून दुसरं काही शिकावं असं त्याला वाटलं नाही.

त्याच्या घराण्यात हीच गोष्ट कौल म्हणून चालत आली होती. मोठी गोष्ट ठरवायची असली की एका गडूत झऱ्याचं पाणी भरत, दुसऱ्यात तळ्याचं. देवीपुढे दोन पानांवर हळदीचे दोन ढीग मांडत. जी हळद कुंकवासारखी लाल होई, तो देवीचा होकार. तळ्याच्या पाण्यात खार आहे म्हणून हळद लाल होते, हे शालिग्रामला ठाऊक होतं. सांगून उपयोग नव्हता. कौल एकदाच लावत, आणि लागला की घरातलं कुणी तो मोडत नसे.

वाटेतल्या झऱ्यावर किसनरावांनी चांगला गडू भरला. तळ्यावर पोच्याचा. दोन्हींच्या तोंडावर पळसाची पानं बांधली. वासावरून ओळखण्यासारखं काही नव्हतं. तळ्याचा वास सगळ्या काठालाच होता.

देवळाशी आल्यावर ते उकंडरावांच्या कानाशी वाकले. उकंडरावांनी मान हलवली. मग दोन्ही गडू आणि फुलांचा मोठा द्रोण घेऊन ते देवळामागे गेले. तिथे गडू फिरवून आणायचे, म्हणजे कुठला कोणता हे कुणाला कळू नये, अशी रीत होती. पोच्याकडे आपलं लक्ष नाही असं तिघेही दाखवत होते.

"उजव्या हाताची हळद वकिलीची, डाव्या हाताची तुह्या सायन्सची," किसनराव म्हणाले. "कबूल?"

"कबूल."

उकंडरावांना यायला वेळ लागला. आले तेव्हा त्यांच्या बाह्या भिजलेल्या होत्या आणि फुलं उपरण्यात होती. पोच्याचा गडू त्यांनी उजवीकडे ठेवला, दुसरा डावीकडे.

कानात काय सांगितलं गेलं ते शालिग्रामला कळलं.

उकंडरावांनी देवीला फुलं वाहिली. वळून ते मुलाच्या अगदी जवळ आले.

"ठेवले तसेच ओत," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बाकी काही करू नको बे."

शालिग्रामने त्यांच्याकडे पाहिलं नाही. आपला बाप आजही भावाच्याच बाजूला होता.

दोघे भाऊ देवीपुढे आडवे झाले. कपाळं जमिनीला टेकली. शालिग्रामने आवाज न करता गडू उचलले. उजवीकडचा डावीकडे, डावीकडचा उजवीकडे. पानं सोडली. सवयीने बोट बुडवून पाहावंसं वाटलं. तळ्याचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं. पण किसनराव उठत होते.

त्याने आधी डावीकडे ओतलं. हळद भिजली, कालवली गेली, पिवळीच राहिली.

थोडं थांबून त्याने उजवीकडे ओतलं. पाणी पडलं तिथून लाल रंग पसरत गेला. पान भरून.

"देल्ला! आईनं कौल देल्ला!" किसनरावांनी हात जोडले. शालिग्रामच्या पाठीवर थाप मारली. "चला वकीलसाहेब. आता तोंड पाडू नका." आणि ते वाटेला लागलेसुद्धा.

शालिग्राम तिथेच उभा राहिला. लाल हळदीकडे पाहत.

उकंडराव खाली बसले. डाव्या पानाजवळचा रिकामा गडू त्यांनी उचलला. त्याच्या काठावरच्या पोच्यावरून अंगठा फिरवला.

"हा इकडं कसा आला बे?"

शालिग्राम त्यांच्यासमोर खाली बसला.

"दादानं सांगतलं तसे गडू ठेवले म्या," उकंडराव म्हणाले. "पन द्रोणात ओतून आतलं पानी बदललं होतं."