सिग्नल बंद असताना

"मावशी, तिसऱ्यांदा वायर कापली कुणीतरी!" सिग्नल दुरुस्त करणारा माझ्या शिलाईच्या दुकानाच्या पायरीवर टेकला. "तुम्हाला कुणी दिसलं का?"

मी मशीन थांबवून चौकाकडे बोट दाखवलं. "तुझा सिग्नल चालू असला की हिरवा जाईल म्हणून सगळे गाड्या पिटाळतात. माझी नात जीव मुठीत धरून शाळेला जाते. आता बंद आहे, तर बघ, प्रत्येक जण थांबतोय. आधी आलेल्याला आधी सोडायचं, हा नियम बरा आठवतो सगळ्यांना!"

"ते खरं हो, पण वायर मी जोडणारच. बघू कोण दमतं ते."

"जोड बाबा. तुझं काम तू कर."

 

तो शिडीवर चढला, आणि मी कात्रीला धार लावायला घेतली.