दाराच्या जागी

इमारतीची देखभाल बघणाऱ्या ताईंचा एकच हेका होता: काम हातावेगळं झाल्याशिवाय संगणकावरच्या सामायिक नकाशात नोंद करायची नाही.

आज दुपारी त्यांनी नकाशा उघडला, तर तळघरातल्या त्यांच्याच खोलीला दार नव्हतं. तिथे सलग भिंत होती आणि शेरा होता, 'काम पूर्ण.'

ताईंनी तडक कंत्राटदाराला फोन लावला. "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? माझ्या खोलीचं दार कुठे गेलं?"

"ताई, तुमच्याच नियमानं चाललोय. सकाळी भिंत बांधली, मगच नोंद टाकली."

"काहीतरीच काय! मी खोलीतच बसलेय."



"बांधण्याआधी मी स्वतः आत बघितलं होतं, ताई. खुर्ची रिकामी होती."

दाराकडे ताईंची पाठ होती. मागून ओल्या सिमेंटचा वास येत होता.