कालव्याकडची वाट

मखमलाबादला कालव्याच्या कडेनं एक कच्ची वाट जाते. तिथे आपल्या मळ्याच्या वळणावर कुसाबाई दिवसभर शेवंती निवडत बसायची. अनोळखी माणूस दिसला की कोण, कुठला, इकडं कशाला, हे विचारल्याशिवाय त्याला पुढे सोडायची नाही. टवाळ पोरं तर तिच्या हातातला विळा बघूनच गाडी वळवायची. तिचंही काय चुकत होतं म्हणा. शेजारच्या मळ्याचे असेच कोणीतरी मोबाइलवर फोटो काढून नेले, आणि आता तिथे प्लॉट पडले होते.

हल्ली मात्र कॉलेजच्या मुली सायकलीवरून या वाटेनं यायला लागल्या. चांगला डांबरी रस्ता सोडून. वळणावर पाय टेकायच्या, मोबाइल बघायच्या, मग तिच्याकडे बघून हसायच्या. कुसाबाईच्या मनात पाल चुकचुकली. एक दिवस तिनं एकीचं हँडलच धरलं.

“मोबाइलात माझ्या मळ्याचं काय बघती गं?”

“मळ्याचं नाही आजी, रस्त्याचं. मेन रोडला ट्रक अंगावर येतात. नकाशावर सायकलीसाठी हीच वाट सगळ्यात सुरक्षित दाखवलीय.”

“सुरक्षित? इथं ना दिवा, ना माणूस. कोण म्हणतं असं?”

मुलगी जरा घुटमळली. मग त्या वाटेबद्दल नकाशावर कोणीतरी लिहिलेलं तिनं वाचून दाखवलं.

 

“दिवे नाहीत, पण मुलींनी बिनधास्त जावं. वळणावर एक आजी बसतात. त्यांचा कोणावरच विश्वास नाही.”