नऊ अंड्यांचा कौल

सव्वा महिना आधी

"डालगं उचलू नका, अक्का. तीन दिवस कोंडून ठेवा, मग घर वळखत्यात," कलाबाई म्हणाली.

सावित्रम्मा दोन हात लांब उभी होती. या लिंगायताच्या घरात कोंबडी पहिल्यांदाच आली होती. मुलगा लिंगराज हैदराबाद संस्थानाविरुद्ध लढायला हद्दीपलीकडच्या छावणीत गेला, त्याचं दुकान बंद पडलं, तेव्हा संतपूरच्या बाजारात अंडी विकायची युक्ती शेजारच्या कलाबाईनेच काढली. दोन्ही कोंबड्या तिच्याच घरच्या.

"पाण्याचं भांडं रोज धुवा. कण्या टाका. खुराड्यात राख पसरा, म्हंजी उवा व्हत न्हाईत. अन् ह्यो कोंबडा—"

"कोंबडा नको."

"कामून?"

"आरवला की मठातल्या अय्यांना कळंल. कोंबडी निदान हळू बोलती."

"खाल्लं न्हाई तरी पाप लागतंय व्हय, अक्का?"

"वास लागतोय. तेवढा पुरे."

कलाबाई हसत कोंबडा बगलेत मारून परत गेली. त्यानंतर सावित्रम्माने कोंबड्यांना परड्याच्या भिंतीबाहेर कधी सोडलं नाही.

पहिला दिवस

एक कोंबडी खुडूक झाली, उबवायला बसू लागली. सून गौरम्माने पाटीत भुसा घालून नऊ अंडी मांडली. सावित्रम्माने प्रत्येक अंड्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले.

"हे काय करायलाव?" कलाबाईने विचारलं.

"कौल लावायलाव, काकू," गौरम्मा म्हणाली. "निंगप्पा कासार हद्दीपलीकडं जाऊन आला. ह्यांनी सांगावा धाडलाय, बोलवा, येतो म्हणून. मी म्हणते बोलवा. ह्या अत्ती म्हणत्यात, चावडीत ह्यांना हुडकणारे सरकारचे बंदूकवाले बसलेत. भांडून भांडून दोघी थकलाव. मग अत्तीच म्हणाल्या, बसवण्णावर सोडू. पिलं निघाली तर बोलवायचं. न्हाई निघाली तर न्हाई."

कलाबाईने अंड्यांकडे बघितलं. घरात कोंबडा नाही. शब्द ओठापर्यंत आले.

सावित्रम्मा डोळे मिटून, हात जोडून बसली होती.

कलाबाईने शब्द गिळले.

दुसरा दिवस

सोमवार. सासू-सून मठात गेल्या. कलाबाई आपल्या कोंबड्यांची नऊ अंडी पदरात घेऊन परड्यात शिरली.

तिचा मुलगा हैदराबादेत पटकीने गेला होता. तिला तोंडही बघायला मिळालं नव्हतं. दुसऱ्या आईच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं.

नव्या अंड्यांवर विभूतीचे पट्टे नीट यावेत म्हणून तिने श्वास रोखला. कोंबडीने मनगटावर टोच मारली. काढलेली अंडी तिने आपल्या उकिरड्यात पुरली.

नववा दिवस

"काकू, अंडं कानाला लावलं तर काय ऐकू येतंय का?"

"येत न्हाई. अन् सारखं हात लावू नकोस, बाई. ती कोंबडी हाय, तुझी सासू न्हाई, गप बसायला."

गौरम्मा हसली. कित्येक महिन्यांनी.

तेरावा दिवस

काही नाही.

सोळावा दिवस

चावडीतले बंदूकवाले कमी झाले, असं लोक बोलू लागले.

"कमी झालेत. गेले न्हाईत," सावित्रम्मा म्हणाली.

एकविसावा दिवस

पिलू नाही.

दिवस मावळेपर्यंत गौरम्मा पाटीपाशी बसली, मग चुलीपुढे जाऊन रडली. सावित्रम्माने त्या दिवशी पोटभर भाकरी खाल्ली. वर ताक मागून घेतलं.

"देवाचं ऐकायचं असतंय, गौरा."

"एखादा दिवस मागंपुढं व्हतंय," दारातून कलाबाई म्हणाली.

सावित्रम्माचा घास हातात राहिला. "कोण म्हणतंय?"

"मी म्हणते. सारा जन्म कोंबड्यांत गेलाय माजा."

बाविसावा दिवस

सकाळी पाटीतून चिवचिव आली. दुपारपर्यंत आठ पिलं.

गौरम्मा अनवाणी पळत कासाराच्या घराकडे निघाली. सावित्रम्माने तिचा पदर धरला.

"थांब. दोन दिस थांब."

"कौल तुमचाच हाय की, अत्ती! आता कामून थांबायचं?"

पदर सुटला. सावित्रम्मा उंबऱ्यावर खाली बसली. आनंदाने माणसाच्या पायातलं बळ जातं, हे कलाबाईने पूर्वीही पाहिलं होतं. तिने पाणी आणून दिलं.

निंगप्पा बांगड्यांची पेटी पाठीवर टाकून उन्हातच हद्दीकडे गेला. जाण्याआधी त्याने गौरम्माच्या हातात हिरवा चुडा भरला. काही घेतलं नाही.

तेविसावा, चोविसावा, पंचविसावा

पिलं परडंभर फिरू लागली. गौरम्माने घर सारवलं.

सावित्रम्मा दिवसभर गावाबाहेरच्या वाटेवर उभी राहायची. लेकाची वाट बघायली, असं येणारे-जाणारे म्हणत. समोरून कुणी दिसलं की ती दोन्ही हात हलवायची. जवळ बोलावताना हलवतात तसे ते नव्हते. पण म्हाताऱ्या माणसाच्या हाताकडे कोण एवढं बघतं?

सव्विसावा दिवस

पाणी भरायच्या वेळेला सावित्रम्माला गौरम्माने वाटेवरून हाताला धरून घरी आणलं. तेवढ्यात ओढ्याकडून दोन बार ऐकू आले.

तिसावा दिवस

बंदूकवाल्यांनी चार दिवसांनी प्रेत दिलं. लिंगराजला त्याच्याच शेतात, लिंगायतांच्या रीतीनं बसवून, पुरलं. माती सरकवायला गावातली चारच माणसं आली. गौरम्मा आत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

कलाबाई परड्यात सावित्रम्माजवळ जाऊन बसली.

"अक्का, स्वतःला दोष देऊ नका. देवानं कौल दिला, तुमी ऐकला. तुमी तरी काय करणार?"

सावित्रम्माने तिच्याकडे पाहिलं. आवाज अगदी साधा होता, भाजी कुठं मिळाली विचारावं तसा.

"बिनकोंबड्याच्या अंड्यातनं पिलू निघत न्हाई, एवढं मला ठावं हुतं, कलाबाई. म्हणूनच तसा कौल लावला हुता."