ठेंगणी कर्दळ

टेलरमास्तर खिडकीखाली खड्डे खणत होते. जन्म मशीनवर बसून गेलेला. कुदळ अशी धरली होती की आता स्वतःच्याच पायावर मारून घेतात की काय. बागेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. बाग बायकोची. ती मात्र गजांच्या आत स्टुलावर बसून त्यांच्या डोक्यावरून पलीकडे, फाटकाकडे बघत होती. हल्ली ती तिथून हलतच नसे. जेवणाचं ताट तिथेच न्यावं लागे आणि बहुतेक वेळा ते तसंच परत येई.

मुलगा मालवाहू बोटीवर कामाला होता. बोट बुडाली, आणि बऱ्याच दिवसांनी पाण्याने एकाला किनाऱ्यावर आणून टाकलं. ओळख पटवायला मास्तर एकटेच गेले. चेहऱ्याचं काही उरलं नव्हतं. पण शर्टाची कॉलर त्यांच्या हातची होती, आणि उजवा खांदा जरासा उतरता. त्या खांद्याची मापं त्यांनी तो शाळेत जायला लागल्यापासून घेतली होती. त्यांनी मान डोलावली, त्याला तिथेच मातीत ठेवलं आणि घरी येऊन सांगितलं. बायको रडली नाही. "शर्ट काय, तो कुणालाही देतो," एवढंच म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली.

फाटक दिसेनासं झालं तर ही उठेल, असं मास्तरांच्या मनाने घेतलं होतं. नर्सरीवालीने दोन तऱ्हेची कर्दळ दाखवली. घरापुढे ठेंगणी शोभते, असं तिने परोपरीने सांगितलं. मास्तरांनी उंच वाढणारीचेच कंद पिशवीत भरून घेतले.

"कोणती आणलीत?" आतून आवाज आला.

मास्तर दचकले. किती दिवसांनी तिने आपणहून काही विचारलं होतं.

"ठेंगणी. पिवळ्या फुलांची. गुडघ्याच्या वर जात नाही म्हणे."

"बघू."

त्यांनी एक कंद गजांतून आत दिला. तिने नखाने माती खरवडली आणि कोंब उजेडाकडे धरला.

"पिवळीचा कोंब हिरवा असतो. हा बघा, जांभळा आहे. ही तांबड्या पानांची. तुमच्या डोक्याच्याही वर जाईल. मग मला फाटक कसं दिसायचं?"

मास्तरांची चोरी उघडी पडली. तोंडाला आलं ते त्यांनी बोलून टाकलं.

"मग चुकलो असेन. मला काय कळतंय त्यातलं?"

"नीट बघून घेतले नव्हते?"

"घेतले की. एकेक हातात धरून बघितला."

"आणि खात्री होती, ठेंगणीचेच म्हणून?"

"अगदी."

"तरी चुकलात."

"चुकलो, बाई. आता बदलून आणतो, मग तर झालं?"

थाप पचली, असं त्यांना वाटलं. त्यांनी कपाळ पुसलं. मान वर केली तर बायको फाटकाकडे बघत नव्हती. त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रंग चढत होता.

"हातात धरून बघितलंत, खात्री होती, आणि तरी चुकलात," ती पुन्हा म्हणाली. या वेळी हळू.

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. कुदळ त्यांनी खाली टाकली.

"अगं, ते वेगळं."

"काय वेगळं?"

"मी चुकलो नाही. ऐक माझं. मी खोटं बोललो तुझ्याशी. उंच आहेत ते मला ठाऊक होतं. मुद्दाम आणले. तुला फाटक दिसू नये म्हणून."

"आता उगीच सारवासारव करू नका."

"देवाशपथ सांगतो. त्याचा खांदा मी ओळखणार नाही का गं? माझ्या मुलाचा खांदा?"

"होतं असं. घाबरलेला माणूस काहीही ओळखतो." ती इतक्या मायेने बोलली की मास्तरांना भडभडून आलं. गजांना धरून ते तिचं नाव घेत राहिले. ती उठून आत निघून गेली होती. मोरीत पाणी वाजलं. फडताळ उघडल्याचा आवाज आला.

ती दारातून बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केस विंचरलेले होते. पायांत चपला होत्या. एका हातात भाकरीचा तुकडा होता आणि तो ती भराभर चावत होती, भूक लागलेल्या माणसासारखी. मास्तर वाट अडवून उभे राहिले. तिने त्यांच्या शर्टावरची माती झटकली.

"हात धुवा आणि चला लवकर," ती म्हणाली. "कुणाचं पोर पुरून आलात हो? त्याच्या आईला सांगायला नको? ती बिचारी अजून वाट बघत बसली असेल."