दहा मिनिटांचा ओटीपी

चार वाजून पन्नास मिनिटांनी, चष्म्याच्या दुकानात कामावर असलेल्या ताईच्या मोबाइलवर ओटीपी आला. खासगी विद्यापीठाच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीची मुदत पाचला संपत होती आणि नियम होता, एका घरात एकच. ताईने आपला अर्ज सकाळीच कॉलेजच्या वाचनालयात भरला होता. आता तिथल्या त्याच कॉम्प्युटरवर त्याच घरात राहणारी तिची चुलत बहीण स्वतःचा अर्ज भरायला बसली होती, जेमतेम सहा महिन्यांनी धाकटी. धाकटीचा फोन दुरुस्तीला गेल्यामुळे दोन्ही अर्जांवर नंबर ताईचाच होता.

वाचनालयातून तीनदा फोन आला.

"अगं, उचल की," दुकानाचे मालक म्हणाले.

"काही नाही काका, कंपनीवाले असतात, काहीतरी गळ्यात मारायला," म्हणत ताईने फोन उपडा ठेवला आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली. पाच वाजेपर्यंत तिची मान वर झाली नाही.

साडेपाचला धाकटी धापा टाकत दुकानात शिरली.

"माझा दाखलाच मिळाला नाही, म्हणून मी नाद सोडला. पण तुझा अर्ज तिथे नुसता सेव्ह केलेला! अगं वेंधळे, सबमिट कोण दाबणार? मी दाबलं, तर ओटीपी तुझ्याकडे."

 

सहा वाजता धाकटीने ताईच्याच मोबाइलवरून विद्यापीठाला मेल पाठवला : 'ताई कामात होती. मी तिला आधी कळवायला हवं होतं, चूक माझी आहे.' अजून उत्तर आलेलं नाही.