कोपरा तुटलेला मांडा

या हो, जरा जवळ सरका; एक गोष्ट ऐकवतो.

असोद्याच्या धुरपदाबाईंनी अंथरूण धरलं आणि त्यांना खापरावरचा पुरणाचा मांडा खावासा वाटला. लेक जितेंद्र गाडी घेऊन निघाला, धरणगाव पालथं घालून भरदुपारी शिंदखेड्याच्या घरगुती खानावळीत बसला.

चवीसाठी घेतलेल्या मांड्याचा कोपरा तुटलेला होता. जितेंद्रचा हात थबकला. प्रत्येक मांड्याचा कोपरा तोडून चुलीतल्या अग्नीला देणारी बाई त्याने एकच पाहिली होती, आपली आई.

"आबा, मांडे कोण करतंय?" त्याने संशयाने विचारलं.

"नवी बाई शे, भाऊ," खानावळवाले आबा म्हणाले. "आज सकायलेच उनी. असोदानी शे, अशी सांगस." आज सकाळीच आलेली, आणि तीही असोद्याची!

आत वाजणाऱ्या बांगड्या एकदम थांबल्या. जितेंद्र आत धावला तर चुलीपाशी कुणीच नव्हतं, आणि तेवढ्यात घरून फोन लागला: धुरपदाबाई आज सकाळीच गेल्या होत्या.

बाबांनो, घरी मांडे कराल तेव्हा एक कोपरा धुरपदाबाईंच्या नावाने काढा.